थर्टी-थर्टी पुरेल का? साठ यार्डांवरचं हरीण आणि जुनी लीव्हर ॲक्शन

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही पिट्सबर्गच्या बाजूला राहता, शेजारचे आजोबा आता शिकारीला जात नाहीत, त्यांनी त्यांची जुनी विंचेस्टर मॉडेल ९४, थर्टी-थर्टी कॅलिबरची लीव्हर ॲक्शन (चापाखालचा दांडा खाली-वर करून पुढचं काडतूस भरायची रायफल), तुम्हाला स्वस्तात देऊ केलीय. शूटिंग रेंजवरचे लोक म्हणतायत तो जमाना गेला, ६.५ क्रीडमूर (लांब पल्ल्याचं नवं काडतूस) घे आणि वर मोठा स्कोप (नेमाची दुर्बीण) बसव. आणि तुम्ही ज्या रानात जाणार तिथे झाडी एवढी दाट आहे की साठ-सत्तर यार्डांपुढे काही दिसतच नाही. मग ही जुनी रायफल पुरेल का? शिवाय आजोबांनी सोबत काडतुसांचे जुने खोके पण दिलेत, ते वापरावेत का?

पुरेल. पण तुम्ही विचारताय ताकदीबद्दल, आणि साठ यार्डांवर ताकदीचा प्रश्न फारसा येतच नाही. प्रश्न येतो वेळेचा. हेमलॉक झाडांच्या दोन खोडांमध्ये हरीण दिसतं तेव्हा ते बहुतेक चालतच असतं, किंवा त्याने तुम्हाला आधीच पाहिलेलं असतं, आणि तुमच्याकडे असतात चार-पाच सेकंद. तेवढ्यात रायफल खांद्याला यायला पाहिजे, डोळ्याला साइट (नेम धरायची खूण) सापडायला पाहिजे, आणि जाड जॅकेट आणि ग्लोव्हज घालून उभ्याउभ्या साधारण आठ इंचांच्या वर्तुळात गोळी बसायला पाहिजे, नाहीतर तेवढ्याच वेळात "नाही, हा शॉट घ्यायचा नाही" असं ठरवता यायला पाहिजे. मी उत्तर पेनसिल्व्हेनियात, पॉटर आणि टायोगा काउंटीच्या डोंगरांत, बरीच वर्षं हेच करतोय आणि रायफल निवडताना मी फक्त या चार-पाच सेकंदांचा विचार करतो.

आधी जे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो कारण त्यावरून बाकीचं सगळं बदलू शकतं.

एक, व्हिसा. तुम्ही लिहिलं नाहीये. ग्रीन कार्ड असेल तर अडचण नाही, पण एच-वन किंवा एफ-वनसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूकच काय, काडतूस बाळगायलासुद्धा बंदी आहे, आणि त्या बंदीला जे थोडे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे राज्याने रीतसर दिलेलं चालू हंटिंग लायसन्स. म्हणजे क्रम महत्त्वाचा आहे. आधी हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, मग रायफलला हात. लायसन्सची मुदत संपली की तो अपवादही संपतो हे लक्षात ठेवा, आणि जरा जरी शंका असली तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, शेजाऱ्याला नको आणि मलाही नको. आपल्या लोकांना हे कोणी सांगत नाही म्हणून एवढं लांबण लावलं.

दोन, जागा. शेताच्या कडेला बसून अडीचशे यार्डांवरच्या सोयाबीनकडे बघत बसणार असाल तर रेंजवरच्या मंडळींचं बरोबर आहे, क्रीडमूर घ्या. पिट्सबर्ग ज्या ॲलेगनी काउंटीत आहे तिथे नियम वेगळे आहेत, तिथे हरणासाठी रायफल चालेलच असं धरून चालू नका, त्या वर्षीची नियमपुस्तिका नीट वाचा. मी पुढे जे लिहितोय ते दाट रानासाठी आहे, स्टेट गेम लँड्स (शिकारीसाठी राखलेल्या राज्याच्या जमिनी) किंवा ॲलेगनी नॅशनल फॉरेस्टसारख्या जागांसाठी.

तीन, तुमचे डोळे. त्याबद्दल साइटच्या ठिकाणी सांगतो.

आणि भारतातून कोणी हे वाचत असेल तर स्पष्ट सांगतो, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हरणाची शिकार हा गुन्हा आहे आणि यातलं काहीही तिकडे लागू करायचं नाही. इथली गोष्ट वेगळी आहे. १९व्या शतकाच्या शेवटी पेनसिल्व्हेनियात हरीण जवळजवळ संपलं होतं, १८९५मध्ये गेम कमिशन झालं, बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली, आणि आता ती एवढी वाढलीत की ओकची रोपं वर येऊ देत नाहीत. लायसन्सचे पैसे आणि बंदूक-काडतुसांवरचा फेडरल कर (१९३७चा कायदा आहे त्याचा) यातून ही रानं सांभाळली जातात.

आता रायफल. थर्टी-थर्टी १८९५ साली बाजारात आली आणि हे काडतूस तेव्हापासून पूर्वेकडच्या रानात हरणं पाडतंय. १७० ग्रेनची म्हणजे साधारण ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला २२०० फुटांच्या आसपास निघते. व्हाइटटेल हरणाच्या दोन्ही फुफ्फुसांतून ती आरपार जाते, आणि वेग मध्यम असल्यामुळे जवळच्या अंतरावर मांसाच्या चिंधड्या-चिंधड्या करत नाही. जवळच्या पल्ल्यावर खूप वेगवान गोळी फऱ्याच्या हाडावर बसली की अख्खा फरा रक्ताळून वाया जातो, हे ज्याने स्वतः हरीण कापलंय त्याला माहीत असतं. दीडशे यार्डांपुढे मात्र ही गोळी झपाट्याने खाली यायला लागते. १०० यार्डांवर अचूक लावलेली रायफल २००वर सात-आठ इंच खाली मारते, म्हणून पलीकडचा विचारच सोडून द्या. तुमच्या रानात तो येणारही नाही.

एक गैरसमज मात्र डोक्यातून काढा. आजोबा कदाचित सांगतील की थर्टी-थर्टी किंवा .३५ रेमिंग्टनची जड, संथ गोळी झुडपातून सरळ जाते. जात नाही. कुठलीच गोळी जात नाही. बोटाएवढी फांदी लागली तरी गोळी वळते किंवा आडवी होते, आणि ती फांदी हरणापासून जितकी दूर आणि तुमच्या जवळ तितकी चूक मोठी. माउंटन लॉरेलच्या जाळीत हरीण उभं असेल तर फट शोधायची, फट नसेल तर थांबायचं. दाट रानात लीव्हर ॲक्शन चांगली ती यासाठी की ती आखूड आणि हलकी आहे आणि सापडलेल्या फटीवर पटकन येते.

२० इंची नळी, वजन साडेसहा-सात पौंड, आणि अंगाने चपटी. रिसीव्हरच्या (नळीमागचा धातूचा भाग, ज्यात काडतूस भरण्याची यंत्रणा असते) खाली जिथे तोल येतो तिथे एका हातात बरोबर बसते, तासनतास हातात धरून चालता येतं. हा मुद्दा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. स्कोप, बायपॉड (दोन पायांचा टेकू) वगैरे लावलेली नऊ पौंडांची रायफल माणूस तासाभरात पट्ट्याने खांद्यावर टाकतो, आणि खांद्यावर टांगलेली रायफल उतरवेपर्यंत हरीण गेलेलं असतं. मी चालताना पट्टा वापरतच नाही, खिशात ठेवतो, फक्त गाडीपर्यंत परत येताना लावतो. मार्लिन ३३६ पण तुम्हाला कोणी सुचवेल, ती १९४८पासूनची, अंगाने जरा भरीव, आणि तिचं रिकामं काडतूस बाजूने बाहेर पडतं त्यामुळे वर स्कोप बसवणं सोपं. जुन्या ९४चं काडतूस वरून उडतं म्हणून तिच्यावर मधोमध स्कोप बसत नाही. डावखुरे असाल तर दोन्ही सारख्याच सोयीच्या. इथे हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, म्हणजे दुसरा शॉट पटकन हवा असेल तर लीव्हर नाहीतर पंप हेच दोन पर्याय उरतात.

साइट हा माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि तुम्ही नेमकं त्याबद्दल काही विचारलं नाहीये. ९४वर कारखान्यातून येते ती मागची साइट नळीवर बसवलेली असते, दोन्ही बाजूंनी वर वळलेली, मधे खाच. उजेडात ठीक आहे. पण पहाटेच्या मंद उजेडात, चाळिशी ओलांडलेल्या डोळ्याला मागची खाच, पुढचा मणी आणि हरीण या तिन्हींवर एकदम नजर लावायची असते आणि ते जमत नाही, खाच धूसर होते, घाईत माणूस पुढचा मणी खाचेच्या वर ठेवून मारतो आणि गोळी हरणाच्या पाठीवरून जाते. त्यापेक्षा रिसीव्हरवर बसणारी पीप साइट घ्या. विल्यम्स, लायमन यांच्या मिळतात, किंमत साध्या स्कोपपेक्षा कमी. तिच्यातली छोट्या भोकाची चकती स्क्रूसारखी फिरवून काढून टाका, मोठं भोक राहू द्या. मग भोकाकडे बघायचंच नाही, भोकातून बघायचं, डोळा आपोआप मध्य शोधतो, तुम्ही फक्त पुढचा मणी हरणावर ठेवायचा. एवढ्या मोठ्या भोकातून नेम कसा लागेल असं सगळ्यांना वाटतं. लागतो, आणि थोड्या सरावाने शंभर यार्डांपर्यंत नीट लागतो. पुढचा मणी पांढरा किंवा पितळी असावा, काळा असला तर संध्याकाळी झाडांच्या खोडांवर दिसत नाही.

डोळ्यांना पुढचा मणीही स्पष्ट दिसत नसेल तर लाज न बाळगता कमी पॉवरचा स्कोप लावलेली मार्लिन घ्या, एक ते चार पॉवरचा, आणि तो कायम सगळ्यात खालच्या पॉवरवर ठेवा. नऊ पॉवरवर ठेवलेल्या स्कोपमधून चाळीस यार्डांवरचं हरीण बघितलं तर नुसते तपकिरी केस दिसतात, ते पुढचं अंग आहे की मागचं तेच कळत नाही.

झीरो करताना, म्हणजे साइट आणि गोळी जुळवताना, मी १०० यार्डांवर गोळी दीड-दोन इंच वर ठेवतो. मग साठवर, शंभरवर, सव्वाशेवर सगळीकडे मधोमध धरायचं आणि अंतराचा हिशोब करत बसायचं नाही.

सरावाची गोष्ट. रेंजवर सगळे बाकावर वाळूच्या पिशव्या ठेवून बसून मारतात, त्यातून फक्त रायफल कळते, तुम्ही कळत नाही. झीरो झाली की बाकावरून उठा. नऊ इंची कागदी प्लेट ५० यार्डांवर लावा, उभे राहा, रायफल कमरेपाशी धरून सुरुवात करा, खांद्याला आणा, मारा, लगेच खांद्यावरूनच लीव्हर फिरवा, परत मारा. जॅकेट तेच घाला जे नोव्हेंबरात घालणार, कारण जाड जॅकेटमुळे दस्ता काखेत अडकतो आणि हे नेमकं हरणासमोर कळायला नको. ज्या अंतरावर उभ्याने प्रत्येक गोळी प्लेटमध्ये जाते ते तुमचं अंतर. ते ४० यार्ड असेल तर ४०. झाडाला टेकून, गुडघ्यावर बसून ते थोडं वाढतं, तेही वेगळं तपासा. काडतुसावर काय छापलंय त्याला इथे काही अर्थ नाही, तुमच्या खांद्याने जे अंतर ठरवलं तेच खरं आणि पहिल्या सीझनला ते कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण मोठी शिंगं दिसली की माणूस स्वतःशी खोटं बोलतो. घरीसुद्धा रोज रिकामी रायफल (दोनदा तपासून, काडतुसं दुसऱ्या खोलीत) भिंतीवरच्या एका ठिपक्यावर डोळे मिटून खांद्याला आणायची आणि डोळे उघडून बघायचं की साइट ठिपक्यावर आहे का. आठवडाभरात फरक दिसतो.

आता रानात. जवळून शिकार म्हणजे जवळ जाणं, आणि त्यात निम्मं काम वाऱ्याचं. हरणाला तुम्ही दिसलात तर ते थांबून खात्री करतं, ऐकू आलात तरी कान फिरवून थांबतं, पण वास आला की विचारत नाही, शेपटीचा पांढरा झेंडा वर करून जातं. वारं नेहमी तोंडावर किंवा गालावर पाहिजे. डोंगरात अजून एक गोष्ट, ऊन वर आलं की उतारावरची हवा तापून वर चढते, संध्याकाळी गार होऊन घळीत उतरते. म्हणून मी सकाळी धारेच्या थोडं खालून आडवा चालतो, संध्याकाळी घळीत उतरायचं टाळतो.

चालणं म्हणजे दोन-तीन पावलं आणि मग थांबणं. थांबण्याचा वेळ चालण्याच्या कितीतरी पट. थांबायचं ते झाडाला लागून, उघड्यावर नाही, कारण हरीण दिसण्याची शक्यता थांबल्यावरच जास्त असते आणि तेव्हा टेकायला खोड हवं. अख्खं हरीण शोधू नका, ते दिसत नाही. सगळं रान उभ्या रेषांचं असतं, त्यात आडवी रेषा दिसली की ती एक तर पडलेलं झाड असते किंवा हरणाची पाठ. कान हलतो, नाकाचा काळा ठिपका दिसतो, चार पाय दिसतात आणि वरचं अंग फांद्यांत लपलेलं असतं. अधूनमधून गुडघ्यावर बसून फांद्यांच्या खालून बघा, तिथे रान मोकळं असतं. पाचोळा वाळलेला आणि कुरकुरीत असेल त्या दिवशी चालू नका, व्हाइट ओकची फळं पडली असतील अशा जागी, वारं बघून, खोडाला पाठ लावून बसा. पाऊस पडून गेलेला दिवस किंवा ताजा मऊ बर्फ हे चालण्याचे दिवस. इथला रायफल सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो, तेव्हा पहिल्या दिवशी रानात इतकी माणसं असतात की हरणं स्वतःच हलत असतात, त्या दिवशी बसणंच बरं. आणि नारिंगी, २५० चौरस इंच फ्लुरोसंट, डोक्यावर, छातीवर आणि पाठीवर, चारी बाजूंनी दिसेल असं. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र लांबून दिसतो.

हरीण समोर आलं तर ते आडवं उभं असण्याची किंवा थोडं पाठमोरं तिरकं होण्याची वाट बघा. आडवं असेल तर पुढच्या पायाच्या लगेच मागे, अंगाच्या खालच्या रेषेपासून एक तृतीयांश वर. पाठमोरं तिरकं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाचा अंदाज घेऊन मारा. समोरून, सरळ मागून, डोक्यावर, मानेवर, पळत्या हरणावर नाही, अंतर कितीही कमी असलं तरी नाही. चालत असेल तर तोंडाने हलकंच "म्हॅ" करा, बहुतेक वेळा थांबतं, पण रायफल आधी खांद्याला आणून मग आवाज करायचा. आणि मागे काय आहे ते दिसलं पाहिजे, उताराची माती हवी, आकाश नको.

गोळी सुटली की लीव्हर फिरवायची आणि हलायचं नाही. हरीण कुठे उभं होतं, कुठल्या झाडापाशी शेवटचं दिसलं ते डोळ्यांनी पक्कं करा. फुफ्फुसात किंवा हृदयात लागलेलं हरीणसुद्धा शंभर यार्ड पळू शकतं आणि ते पळालं म्हणजे चुकलं असं अजिबात नाही. अर्धा तास थांबा, मग जिथे उभं होतं तिथून सुरू करा. फेसाळ गुलाबी-लाल रक्त म्हणजे फुफ्फुस, ते जवळच मिळेल. गडद रक्त म्हणजे लिव्हर, दोन-तीन तास द्या. हिरवट घाण आणि आंबूस वास म्हणजे पोट, मग सहा तास तरी मागे लागायचं नाही, कारण न हाकललेलं हरीण जवळच बसतं आणि हाकललेलं डोंगर ओलांडतं. थर्टी-थर्टीच्या गोळीचं बाहेर पडतानाचं भोक नेहमीच मोठं नसतं, म्हणून प्रत्येक थेंबापाशी फांदीला टिश्यूचा तुकडा अडकवत जा, मागे वळून बघितलं की दिशा दिसते. रक्त दिसेना झालं तरी शोध सोडायचा नाही, गोल-गोल वाढवत शोधायचं. ज्याला हे जमणार नाही त्याने गोळी मारू नये असं माझं ठाम मत आहे.

जुन्या ९४च्या हॅमरबद्दल. तिला वेगळी सेफ्टी नाही, हॅमर अर्धा मागे म्हणजे हाफ-कॉकवर ठेवून चालायचं, आणि हरीण दिसलं की अंगठ्याने पूर्ण मागे. धोका आहे तो शॉट न घेता हॅमर परत खाली आणताना. थंडीने बधिर झालेला अंगठा, ओला ग्लोव्ह, चाप दाबलेला, आणि हॅमर निसटला तर गोळी सुटणार. म्हणून आधी नळी मातीकडे, ग्लोव्ह काढा, डाव्या हाताचा अंगठा हॅमर आणि रिसीव्हरच्या मधे घाला, मगच उजव्याने सोडा. घाईत असाल तर त्यापेक्षा लीव्हर उघडून काडतूसच बाहेर काढा. कुंपण ओलांडताना, घसरड्या दगडांवर, झाडावरच्या स्टँडवर चढताना रायफल पूर्ण रिकामी, आणि गाडीत भरलेली रायफल ठेवणं इथे बेकायदेशीर आहे. रायफल घेण्याआधी एखाद्या गनस्मिथला (बंदुका दुरुस्त करणाऱ्याला) हेडस्पेस (काडतूस आत बसल्यावर मागे किती जागा उरते ते) आणि हाफ-कॉकची खाच दाखवा, खाच झिजलेली असली तर हॅमर त्यात नीट बसत नाही आणि ती रायफल दुरुस्त होईपर्यंत रानात न्यायची नाही.

राहिली आजोबांची काडतुसं. पितळेवर हिरवट डाग, चिरा किंवा सैल बसलेली गोळी असलेलं प्रत्येक बाजूला काढा, ते वापरू नका. स्वच्छ असतील ती सरावाला चालतील. खोक्यात कोणी टोकदार गोळीची काडतुसं भरून ठेवली असतील तर ती अजिबात नळीखालच्या मॅगझिनमध्ये घालू नका, त्यात काडतुसं एकामागे एक बसतात आणि कडक टोक पुढच्याच्या प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) टेकतं, धक्क्याने ते मॅगझिनमध्येच उडू शकतं. थर्टी-थर्टीची गोळी चपट्या तोंडाची असते ती यासाठीच. हॉर्नडीची लीव्हरेव्होल्यूशन टोकदार दिसते पण तिचं टोक मऊ रबरासारखं असतं, ती चालते. शिकारीसाठी मात्र नवीन घ्या, एकाच कंपनीची, एकाच वजनाची, आणि त्याच काडतुसांनी झीरो करा, कारण १५० आणि १७० ग्रेनच्या गोळ्या एकाच रायफलमधून वेगवेगळ्या जागी लागतात. सप्टेंबरातच घेऊन ठेवा, नोव्हेंबरात दुकानात थर्टी-थर्टीचा कप्पा बऱ्याचदा रिकामा असतो.